‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

श्री. धोंडिराम लेंगरे सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लेख लिहावा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं तेव्हा मला आधी फार आनंद झाला आणि लगेच धाकधूक वाटू लागली. सरांविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयीही थोडं खरं लिहावं लागणार, हे उघड होतं. आठवडाभर मी टाळाटाळ केली. मग म्हटलं, लिहायचंच आहे तर हातचं राखून कशाला लिहायचं?

सरांची आणि माझी पहिली भेट सांगलीत, आमच्या धर्मादाय रुग्णालयात झाली. मी तिथल्या संगणक विभागाची प्रमुख. माहेर वाईचं, सासर सांगलीचं. माझी जीभ जरा तिखट आहे असं सासरची माणसं म्हणतात, आणि मी त्यांना आजवर खोटं पाडलेलं नाही. रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी नवी संगणक यंत्रणा बसवायची होती आणि त्यासाठी साताऱ्याहून डेटाबेसचे एक जाणकार येणार होते. मी सकाळपासून त्यांची वाट पाहत होते. तेवढ्यात दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. मी वर न बघता म्हटलं, “काका, नोंदणीची रांग तिकडं आहे.” ते “बरं” म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

तासाभराने नोंदणीच्या खिडकीवरून हसण्याचा आवाज आला. आतल्या मुलीने विचारलं होतं, “पेशंट कोण?” आणि त्या गृहस्थांनी काचेपलीकडच्या संगणकाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, “हाच.” मी धावत गेले, माफी मागू लागले. सर म्हणाले, “बरं झालं रांगेत धाडलंत ते. नाहीतर मला काय कळलं असतं?” रांगेत त्यांना दिसलं होतं, की जत-आटपाडीकडून येणाऱ्या माणसांचं नाव एकदा एक लिहिलं जातं, एकदा दुसरं, पण केसपेपरच्या नंबराची चिठ्ठी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जिवापाड जपतात. म्हणून सरांनी आमच्या यंत्रणेत शोध नंबरावर बेतला. हजारो नोंदींतून एक नंबर चटकन मिळावा यासाठी संगणक एक सूची ठेवतो. जाड पुस्तकाच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे याची यादी असते ना, तशीच ही. मला हे इतकं सोपं करून त्यापूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

सर मूळचे माणच्या दुष्काळी पट्ट्यातले. घरात मेंढरं, वर्षातले कित्येक महिने बिऱ्हाड पाठीवर. कराडला वसतिगृहात राहून त्यांनी शिक्षण घेतलं, शिरवळच्या एका कारखान्यात पहिली नोकरी केली आणि पुढे साताऱ्यात दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं. पुण्याहून त्यांना कितीतरी बोलावणी आली. ते गेले नाहीत. त्या दोन खोल्यांत माण-खटावच्या मुलामुलींच्या कितीतरी तुकड्या डेटाबेस शिकल्या. त्यातले काही आज मोठ्या हुद्द्यावर आहेत. तरी सरांसमोर आले की ते आजही आधी एकच प्रश्न ऐकतात, “प्रत घेतली का?” कुठल्याही बिघडलेल्या यंत्रणेला हात लावण्यापूर्वी तिची अख्खी प्रत काढून बाजूला ठेवायची, हा सरांचा नेम आहे. दुसरा नेम त्यांच्या वहीचा. वहीत तीन रकाने: काय वाटतं, काय तपासलं, काय दिसलं. पहिल्या रकान्यातलं तिसऱ्यात परस्पर न्यायचं नाही, मध्ये तपासणी झालीच पाहिजे. अक्षर मात्र असं, की ती वही चोरीला गेली तरी चोराला तिचा उपयोग नाही.

या चिकाटीचा घरी काय ताप होतो ते लेंगरे वहिनींकडून ऐकावं. “आमच्यात फ्रीज बिघडला तर हे चार दिवस कारण शोधत बसत्यात,” असं त्या मला एकदा सरांसमोरच म्हणाल्या. “दूध नासलं तरी चालंल, पर कारण घावाय पायजे!” सरांनी मान खाली घालून चहा प्यायला. चहाचा तो दिवसातला कितवा कप होता हे विचारायची सोय नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

यंत्रणा बसवून दोन वर्षं झाली होती. कपाटातले जुने केसपेपर संगणकात चढवायचं काम तीन मुली करत होत्या. त्यांच्यातली सुरेखा तासगावकडच्या एका खेड्यातून रोज बसने यायची. संगणकाचा कोर्स करून खुर्चीवर बसून काम करणारी ती तिच्या घरातली पहिलीच. तिचा हात इतका झरझर चाले, की बाकी दोघींचं मिळून काम तिच्या एकटीएवढं भरायचं. नोकरी कंत्राटी होती.

दिवाळीच्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. जतकडचे एक म्हातारबा पिशवीतली नंबराची चिठ्ठी घेऊन आले. नंबर टाकला तर संगणक म्हणाला, अशी नोंद नाही. म्हातारबा खवळले. “आवं, तीन वर्सं येतोय मी हितं. मी न्हाईच म्हंजे काय?” मग आणखी एक जण आला, मग आणखी काही. खिडकीवरच्या मुली त्याच नंबरावर पुन्हा नवी नोंद करून वेळ मारून नेऊ लागल्या. कुठला केसपेपर कुणी चढवला याच्या रजिस्टरात मी पाहिलं तर गायब नोंदींपुढे बहुतेक ठिकाणी सुरेखाची सही होती. मला एवढं पुरलं. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, “एवढं झरझर काम कसं होतं ते आता कळलं. नोंदी न टाकताच सह्या ठोकल्यास.”

ती म्हणाली, “मॅडम, मी टाकल्यात. एकूणएक टाकल्यात.”

मी ऐकलं नाही. संस्थेच्या कार्यवाहांना तिला कामावरून कमी करण्याविषयी सांगितलं आणि तसं पत्रही मीच तयार केलं. त्यात कारण लिहिलं होतं, ‘खोट्या नोंदी’. हे कारण घेऊन तिला जिल्ह्यात दुसरीकडे कुठंही काम मिळालं नसतं, हे मला कळत होतं. तरी लिहिलं. कार्यवाह म्हणाले, सही करतो, पण आधी लेंगऱ्यांना बोलावून किती नोंदी बुडाल्या ते मोजून घ्या. म्हणून मी साताऱ्याला फोन लावला. “सर, आमच्या एका मुलीने नोंदी बुडवल्यात.”

सरांनी विचारलं, “बुडवल्यात, का सापडत न्हाईत?”

“एकच की ते,” मी म्हटलं.

“एक न्हाई, मॅडम. उद्या पहिल्या गाडीनं येतो.”

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट सर्व्हरपाशी गेले. सर्व्हर म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात तो आमचा मुख्य संगणक. सवयीप्रमाणे आधी प्रत काढायला लावली. त्यात दोन तास गेले. मी हळूच सुचवलं, की पत्र सहीसाठी थांबलंय. सर म्हणाले, “थांबू द्या. प्रत चुकली तर दुसरी काढता येईल, पत्र गेलं की गेलं.” मग त्यांनी खुर्ची मागवली आणि मला वाटलं होतं तसं मला शेजारी न बसवता सुरेखाला बसवलं. “तुम्ही नोंदी टाकल्यात, तुम्हालाच जास्त म्हाईत,” असं म्हणून वही उघडली.

न सापडणाऱ्या नंबरांची यादी त्यांनी चढत्या क्रमाने लावली आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. मग मला बोलावलं. गायब नंबर सुटे सुटे नव्हतेच. एक लांब सलग पट्टा गायब, मग पुढे कितीतरी नंबर जागच्या जागी, मग पुन्हा एक सलग पट्टा गायब. सरांनी रजिस्टर ताडून पाहिलं. प्रत्येक पट्ट्यात तिन्ही मुलींच्या हातच्या नोंदी होत्या, त्याही वेगवेगळ्या दिवशी केलेल्या.

“माणूस असा चुकत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “माणूस दमला की चुकतो. हितं एक, तितं एक. तिघींनी ठरवून सलग नंबर गाळायचे, ते पण वेगवेगळ्या दिवशी बसून? हे माणसाचं काम न्हवं.”

“पण सुरेखाच्याच नोंदी जास्त गेल्यात,” मी माझा मुद्दा सोडेना.

“कारण कामच तिचं जास्त हाय,” सर म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता वहीत काहीतरी लिहू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मग त्यांनी म्हातारबांचा नंबर घेतला. यंत्राला नेहमीसारखा शोध घ्यायला लावला. उत्तर आलं, नोंद नाही. आता त्यांनी यंत्राला वेगळा हुकूम दिला: सूचीकडे बघू नकोस, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक उलटून बघ. नेहमी क्षणात मिळणारं उत्तर यायला त्या दिवशी चांगला वेळ लागला. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. सुरेखाने खुर्चीची कड घट्ट धरली होती. आणि मग पडद्यावर नाव उमटलं. म्हातारबांचं नाव, गाव, वय, जुने आजार, खाली ‘पेनिसिलीन चालत नाही’ ही ताकीद. शेवटी नोंद करणारीची आद्याक्षरं, सुरेखाची.

“घावलं की गड्या!” सर यंत्रालाच म्हणाले.

सुरेखाने ओढणी तोंडाला लावली. सरांनी सांगितलं, की पुस्तक जसंच्या तसं आहे, मागची सूची तेवढी फाटलीय. सूचीची काही पानं खराब झाली, म्हणून त्या पानांवरचे सलग नंबर यंत्राला दिसेनासे झाले. नोंद आहे, ती कुठे आहे हे यंत्र विसरलंय.

चूक कळली म्हटल्यावर मला ती झटपट मिटवायची घाई झाली. मी म्हटलं, “मग नवी सूची करा, झालं.” सरांनी नकारार्थी मान हलवली. मधल्या दिवसांत खिडकीवर त्याच नंबरांवर नव्या नोंदी झाल्या होत्या. एका नंबराला दोन नोंदी असताना यंत्र नवी सूची करू देईना. घाईघाईने त्यातली एक पुसावी, तर पुसली जाणारी नेमकी जुनी निघायची आणि तिच्याबरोबर ती पेनिसिलीनची ताकीदही जायची. सर चार दिवस सांगलीत राहिले. ते आणि सुरेखा कपाटातला एकेक केसपेपर काढत, दोन्ही नोंदी समोर ठेवून ताडत, दोन्हींतलं खरं तेवढं एका नोंदीत घेत. अशी प्रत्येक जोडी जुळल्यावरच नवी सूची झाली. त्यानंतर खिडकीवर एकही नंबर अडला नाही.

पण सूची फाटली कशाने, हे राहिलंच होतं, आणि कारण मिळाल्याशिवाय उठणारे ते सर नव्हेत. सर्व्हर स्वतःची रोजनिशी ठेवतो. कधी चालू झाला, कधी बंद झाला, सगळं तिथे असतं. ती वाचताना सर एका ओळीवर थांबले. खंडेनवमीच्या सकाळी सर्व्हर कुठलीही सूचना न मिळता एकदम बंद पडला होता आणि तासाभराने पुन्हा चालू झाला होता. “सूची लिहिता लिहिता वीज तुटली, की तिची पानं अशी खराब होत्यात. त्या दिवशी वीज गेली होती का?” त्यांनी विचारलं.

मी रोजनिशीतली तारीख पुन्हा वाचली. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शस्त्रक्रियेची हत्यारं, रुग्णवाहिका, एक्स-रे मशीन, सगळ्यांना हार. संगणक विभागाला तेवढं कुणी विचारत नाही म्हणून सर्व्हरच्या पूजेची टूम मीच काढली होती. झेंडूचा हार घालायचा, पाणी शिंपडायचं, तर विजेचा धोका नको म्हणून मी मेन स्विच खाली केला. तशी वीज गेली की सर्व्हरला तग धरायला यूपीएस होता. पण तो टूंटूं वाजायला लागला आणि आरतीत त्याचा व्यत्यय नको म्हणून मी त्याचंही बटण दाबलं. आणि त्याच्या आधी, मला स्वच्छ आठवलं, सुरेखा कोपऱ्यातून म्हणाली होती, “मॅडम, जरा थांबा की, माझं सेव्ह व्हायचंय.” मी म्हटलं होतं, “आरती काय तुझ्यासाठी थांबणार आहे?”

सरांनी सुरेखाला विचारलं, “तुम्ही होता ना त्या दिवशी? काय झालं होतं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आठवत न्हाई, सर.”

सरांनी वही मिटली. “चला, चहा घेऊ,” म्हणाले.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर अहवालाचा कागद ठेवला. वरच्या ओळी त्यांनी हाताने लिहिल्या होत्या, माझ्यासाठी मुद्दाम सुवाच्य अक्षरात: ‘वीज गेली तरी लिहिलेलं टिकवण्यासाठी डिस्कजवळ एक छोटी बॅटरी असते. ती संपलेली होती. ती वेळोवेळी तपासण्याची जबाबदारी माझी होती. मी तपासली नाही. ही पहिली चूक.’ खाली निम्मा कागद कोरा होता. “पुढचं तुम्हाला ठाऊक असंल तर लिहा,” सर म्हणाले. “नसंल तर ऱ्हाऊ दे तसंच. एका चुकीवर पण अहवाल पुरा होतो.” आणि ते खाली कॅन्टीनकडे निघून गेले.

मी त्या कागदासमोर किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. तो तसाच दिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. सगळा दोष सरांनी आपल्या डोक्यावर घेऊन ठेवलाच होता. तेच मला सोसेना. मी स्विचचं लिहिलं, यूपीएसचं लिहिलं. सुरेखाने थांबा म्हटलं होतं, हेही लिहिलं. खाली माझं नाव घातलं. सुरेखाविरुद्धचं पत्र फाडलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत तो अहवाल मीच वाचून दाखवला. कार्यवाह म्हणाले, “घरातली गोष्ट आहे, मॅडमचं नाव काढून टाका.” मुद्दाम थांबलेले सर म्हणाले, “नाव राहू द्या. त्यांनी स्वतः होऊन लिहिलंय.” माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात मला इतकी मोठी शाबासकी कुणी दिलेली नाही. ती चुकीच्या कबुलीबद्दल मिळाली याचं मला आज वाईट वाटत नाही, उलट अभिमान वाटतो.

पूजा बंद करा असंही सर म्हणाले नाहीत. सर्व्हर रीतसर कसा बंद करायचा ते त्यांनी एका कागदावर लिहून भिंतीला लावून दिलं. आता खंडेनवमीला सुरेखाताई आधी सर्व्हर नीट बंद करतात, “आता करा, मॅडम” म्हणतात, आणि मगच मी हार घालते. होय, आता मी त्यांना सुरेखाताई म्हणते. सरांच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत वर्षभर दर शनिवारी जाऊन त्या शिकल्या आणि आज आमच्या सगळ्या नोंदी त्यांच्याच ताब्यात आहेत. तालुक्यातल्या दवाखान्यांत असं काही अडलं की बोलावणं त्यांना येतं. जाताना त्यांच्या पिशवीत तीन रकान्यांची वही असते.

हा लेख लिहायला बसले तेव्हा एक प्रश्न माझ्या मनात इतकी वर्षं अडकून होता. तो मी परवा सुरेखाताईंना विचारला. “सरांनी त्या दिवशी तुम्हाला विचारलं, तेव्हा माझं नाव का नाही घेतलं? पत्र माझ्या टेबलावर होतं. तुमची नोकरी चालली होती.”

त्या फायली लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “घेऊन काय केलं असतं, मॅडम? तुमच्याम्होरं माझं कुणी खरं मानलं असतं? सरांनी यंत्राचं तोंड उघडलं म्हणून झालं. यंत्राचं सगळी ऐकत्यात.”



सर, साठीच्या तुम्हाला मनापासून शुभेच्छा. तुमचे डोळे तेज राहोत, गुडघे सातारा-सांगलीच्या फेऱ्यांना साथ देवोत आणि वहिनींनी चहाच्या कपांवर घातलेली बंदी तुम्ही निदान अर्धी तरी पाळा. तुम्ही शंभरी गाठावी आणि तेव्हाही ठणठणीत असावं, असं मी परमेश्वराकडे मागते. यात माझा स्वार्थ आहे. या दोन जिल्ह्यांत खरं बोलून गप्प बसलेल्या सुरेखा अजून पुष्कळ आहेत, आणि माझ्यासारख्या मॅडमही काही कमी नाहीत.